अपग्रेडनंतर खातं शोधून सापडत नाही, पण यादीत दिसतं: पोस्टग्रेसच्या रिलीज नोट्स कुठे आणि कशा वाचायच्या

लक्षण आधी सांगते. सर्व्हर बदलला किंवा लिनक्सचं व्हर्जन वाढवलं. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रोग्राम तोच, डेटा तोच, प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात लावलेला नाही. एक-दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. मग काउंटरवरून फोन येतो की अमुक खातं सापडत नाही. नंबर टाकला की "नोंद नाही", आणि पूर्ण यादी काढली की तेच खातं समोर उभं. सगळ्या खात्यांचं असं होत नाही, काहींचंच होतं. म्हणून पहिला संशय टाइप करणाऱ्यावर जातो, आणि तो चुकीचा असतो.

मी एका पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळते. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ला संपणार होता, म्हणून त्या महिन्यातल्या एका शनिवारी-रविवारी आम्ही रॉकी लिनक्स ९ वर गेलो. दोन्हीकडे पोस्टग्रेस १३. काउंटर कमीत कमी वेळ बंद राहावं म्हणून मी डेटा डंप करून (म्हणजे फाइलमध्ये उतरवून) परत भरला नाही. नवीन मशीनला स्ट्रीमिंग रेप्लिका, म्हणजे जुन्याची सतत जुळत राहणारी हुबेहूब प्रत केलं, दोन्ही जुळल्यावर जुनं बंद करून नवं पुढे आणलं. पाच मिनिटांत काम झालं. पोस्टग्रेसच्या त्या व्हर्जनच्या रिलीज नोट्स, म्हणजे काय काय बदललं याची यादी, मी वाचलेल्या होत्या आणि त्यांत काळजीचं काही नव्हतं.

मंगळवारी शाखेतून फोन आला. "ताई, १-२०५० घेतच नाहीये. खातेदार समोर उभे आहेत, पासबुक हातात आहे."

"स्पेस पडली असेल हो. परत टाकून बघा."

"तीनदा टाकलं. काल पण असंच झालं होतं, तेव्हा मी त्याच क्रमांकाने नवीन खातं उघडून हप्ता भरून घेतला. आज तेही सापडत नाहीये."

हे ऐकून मी खुर्चीतून उठले. खाते क्रमांकावर युनिक इंडेक्स आहे. एकाच क्रमांकाची दुसरी नोंद डेटाबेसने स्वीकारायलाच नको होती. ती त्याने स्वीकारली, याचा अर्थ पहिली नोंद त्यालाही दिसत नव्हती.

झालं काय होतं

इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेलं कपाट. कपाटात फाइल शोधताना आपण पहिल्या फाइलपासून सुरुवात करत नाही. मध्ये कुठेतरी हात घालतो, तिथलं नाव बघतो आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते ठरवतो. पोस्टग्रेसचा बी-ट्री इंडेक्स नेमकं हेच करतो.

आता असं समजा, की काळे, काशीद आणि कासार या तीन फाइली एकाने संगणकाच्या युनिकोड क्रमाने लावल्या. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच नंतर येतं, त्यामुळे काळे सगळ्यात आधी. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या माणसाला शाळेत शिकलेली वर्णमाला पाठ आहे: श, ष, स, ह, ळ. तो मध्ये हात घालतो, काशीद दिसतो, आणि त्याच्या मते काळे त्याच्या पुढे असायला हवा. तो उजवीकडे शोधतो. फाइल डावीकडे शाबूत आहे. तो मात्र प्रामाणिकपणे सांगतो, "काळे नावाची फाइल नाही." मग त्याला नवीन काळे ठेवायला सांगितलं, तर तो कासारच्या पुढे दुसरी फाइल लावून मोकळा होतो.

आमच्या सर्व्हरवर ळ चा प्रश्न नव्हता, जोडरेघेचा होता. मजकुराचा क्रम ठरवण्याचं काम पोस्टग्रेस अनेकदा स्वतः करत नाही, ते लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडे सोपवतं. ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम आयएसओ १४६५१ या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे नव्याने भरले गेले. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ होती, रॉकी ९ वर २.३४ आहे. म्हणजे तो बदल आम्ही एका रात्रीत ओलांडला. जुन्या नियमात जोडरेघ पहिल्या फेरीत मोजलीच जात नसे. १-२०५० म्हणजे जणू १२०५०, आणि ११-०२४ म्हणजे ११०२४, म्हणून १-२०५० नंतर. नव्या नियमात जोडरेघेला स्वतःची जागा आहे आणि ती आकड्यांच्या आधी येते, म्हणून १-२०५० आधी. कपाट जुन्या नियमाने लावलेलं आणि शोधणारा नव्या नियमाचा. रेप्लिकेशनने कपाट जसंच्या तसं उचलून आणलं होतं. डंप करून परत भरलं असतं, तर इंडेक्स नव्या मशीनवर नव्याने बांधले गेले असते आणि हे घडलंच नसतं.

तुमच्याकडे हाच प्रकार आहे का, हे एका मिनिटात कळतं. जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर 'एक जोडरेघ एक' आणि 'अकरा' या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत लिहा आणि एन-यूएस यूटीएफ-८ हे लोकेल (भाषेच्या नियमांचं सेटिंग) लावून लिनक्सच्या सॉर्ट कमांडला द्या. २.२८ च्या आधीच्या मशीनवर अकरा वर येतो, नंतरच्या मशीनवर जोडरेघवाली ओळ वर येते. दोन मशीनवर दोन उत्तरं आली, तर मजकुराच्या रकान्यांवरचा एकही इंडेक्स तपासल्याशिवाय खरा मानू नका.

दुरुस्ती

पहिलं काम म्हणजे नवीन नोंदी थांबवणं. दर तासाला नवे दुहेरी क्रमांक तयार होत असतात, आणि नंतर ते निस्तरणं फार जड जातं. आम्ही त्या दिवशी अकरा वाजता काउंटर हातपावतीवर घेतलं. मग बॅकअप. बिघडलेल्या अवस्थेचाही बॅकअप घ्यायचाच, कारण दुरुस्तीत काही चुकलं तर परत यायला तीच जागा असते.

नंतर खात्री. त्या सेशनपुरतं इंडेक्सस्कॅन, इंडेक्स-ओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन हे इंडेक्स वापरण्याचे तिन्ही मार्ग बंद करा आणि न सापडणाऱ्या खात्याची तीच क्वेरी परत चालवा. आता पोस्टग्रेसला पूर्ण टेबल वाचावंच लागतं. खातं दिसलं, तर डेटा शाबूत आहे आणि इंडेक्स खोटं बोलतोय. आमचं १-२०५० दिसलं, आणि दोनदा दिसलं.

एकेका इंडेक्सची तपासणी ॲमचेक या एक्स्टेन्शनने (पोस्टग्रेसच्या जोड-प्रोग्रामने) होते. ते पोस्टग्रेससोबतच येतं, फक्त चालू करावं लागतं. त्यातलं बीटी-इंडेक्स-चेक हे फंक्शन चालू कामाला न अडवता क्रम तपासतं, आणि हीप-ऑल-इंडेक्स्ड हा पर्याय दिला तर टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे की नाही हेही बघतं. व्हर्जन १४ पासून पीजी-ॲमचेक हे वेगळं टूल आहे, ते सगळ्या डेटाबेसवर एका फटक्यात चालतं. आकड्यांचे आणि तारखांचे इंडेक्स या बदलात बिघडत नाहीत. बिघडतात ते टेक्स्ट, व्हारकॅर, कॅर या प्रकारांचे, ज्यांचं कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) 'सी', म्हणजे नुसत्या बाइटच्या क्रमाचं, नाही असे.

मग रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. इथे बहुतेक जण अडकतात. दुहेरी नोंदी आधीच पडल्या असतील, तर युनिक इंडेक्स बांधताच येत नाही आणि कमांड एररवर थांबते. म्हणून वरचे तिन्ही स्कॅन बंद ठेवूनच क्रमांकाप्रमाणे गट करा, एकापेक्षा जास्त नोंदी असलेले क्रमांक काढा आणि ते हाताने सोडवा. "नंतरची नोंद उडवा" अशी सरसकट क्वेरी कृपा करून चालवू नका. आमच्या १-२०५० च्या दुसऱ्या नोंदीखाली एका माणसाचा सोमवारचा हप्ता होता. ती नोंद उडवली असती, तर त्याने भरलेले पैसे कागदावर होते आणि डेटाबेसमध्ये नव्हते. लेखापालांना शेजारी बसवून, पावतीपुस्तक उघडं ठेवून आम्ही सात क्रमांक सोडवले. हप्ता मूळ खात्यावर वळवला, मगच दुसरी नोंद काढली. त्यानंतर रीइंडेक्स बिनतक्रार झालं आणि ॲमचेकही शांत राहिलं.

व्हर्जन १५ पासून पोस्टग्रेस प्रत्येक डेटाबेसचं कोलेशन व्हर्जन नोंदवून ठेवतं, आणि खालच्या लायब्ररीशी ते जुळलं नाही तर कनेक्ट होताना इशारा देतं. हा इशारा घालवण्यासाठी 'ऑल्टर डेटाबेस... रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' ही कमांड आहे. बरेच जण नुसती तीच चालवतात. ती फक्त नोंदीतला आकडा बदलते, इंडेक्सला हात लावत नाही. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. नुसतं रिफ्रेश केलंत तर इशारा गप्प होतो आणि बिघाड तसाच राहतो.

मग रिलीज नोट्स वाचून उपयोग काय?

मी त्या वाचल्या होत्या हे खरं आहे. पण बदल पोस्टग्रेसमध्ये झालाच नव्हता, तो जीलिबसीच्या नोट्समध्ये होता. तिथेही भाषा आनंदाची होती: क्रमवारीत मोठी सुधारणा झाली आहे आणि त्यामुळे क्रम बदलेल. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती सुधारणाच होती. डेटाबेस चालवणाऱ्याने मात्र त्या वाक्यात "क्रम बदलेल" एवढंच वाचायचं असतं.

तेव्हापासून मी एक फाइल ठेवली आहे. आमचं काम कशाकशावर उभं आहे हे तीत लिहिलं आहे: कोणतं लोकेल, कोणती एक्स्टेन्शन्स, बॅकअपची स्क्रिप्ट कोणती फंक्शन्स वापरते, कोणत्या मशीनवर जुना पीएचपी आहे, पासवर्ड कोणत्या पद्धतीने साठवले आहेत. दीड पानाची फाइल आहे. नवीन व्हर्जन आलं की नोट्स एका बाजूला आणि ही फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून वाचते. नवीन सोयींचा भाग सावकाश वाचला तरी चालतो. आधी वाचायचा तो 'मायग्रेशन' हा विभाग. मोठ्या व्हर्जनच्या नोट्समध्ये तो वरच असतो, आणि जुन्या वागण्याशी न जुळणारे बदल तिथे गोळा केलेले असतात. १३ वरून १७ वर उडी मारायची असेल, तर १४, १५, १६ आणि १७ या चारही नोट्समधला हा विभाग वाचावा लागतो, फक्त १७ चा वाचून भागत नाही.

त्या फाइलमुळे काय हाती लागलं याची उदाहरणं देते. व्हर्जन १४ मध्ये नवीन पासवर्ड साठवण्याची ठरलेली पद्धत एमडी५ वरून स्क्रॅम झाली. नोट्समध्ये ती एक ओळ आहे. आमच्या एका शाखेतला जुना पीएचपी लिबपीक्यूच्या (पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या) १० च्या आधीच्या व्हर्जनवर होता, आणि ते स्क्रॅम ओळखतच नाही. जुने पासवर्ड चालत राहिले असते, पण ज्या दिवशी कुणी पासवर्ड बदलला असता त्या दिवशी ती शाखा बंद पडली असती. कारण शोधताना तेव्हा कुणाला अपग्रेड आठवलंही नसतं. १५ मध्ये बॅकअप सुरू करण्याच्या आणि थांबवण्याच्या फंक्शन्सची नावं बदलली आणि बॅकअपची जुनी एक्स्क्लुझिव्ह पद्धत काढून टाकली. आमच्या रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये जुनंच नाव होतं. हे अपग्रेडच्या आधी कळलं. नाहीतर बॅकअप होत नाही हे बॅकअपची गरज पडेल त्या दिवशी कळलं असतं.

१५ मधलाच आणखी एक बदल खूप जणांना छळतो. पूर्वी कोणताही वापरकर्ता पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या सगळ्यांसाठीच्या कप्प्यात) टेबल बनवू शकत असे, ती परवानगी काढून घेतली गेली. नोट्स नीट वाचल्या तर त्यात लिहिलं आहे की हे नवीन क्लस्टरला (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचाला) आणि नव्याने बनवलेल्या डेटाबेसला लागू आहे, वर आणलेल्या किंवा डंपमधून परत भरलेल्या डेटाबेसच्या परवानग्या तशाच राहतात. म्हणून अपग्रेड सुरळीत होतो, जुनं सगळं चालतं, आणि तीन महिन्यांनी नवीन शाखेसाठी नवा डेटाबेस बनवला की "परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक" समोर येतं. उपाय सोपा आहे: त्या वापरकर्त्याला डेटाबेसचा मालक करा, किंवा पब्लिक स्कीमावर क्रिएटची परवानगी द्या. सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकू नका, कारण २०१८मध्ये उघड झालेल्या सुरक्षेच्या दोषामुळेच हा बदल सुचवला गेला होता.

लहान व्हर्जन म्हणजे डोळे मिटून नव्हे

पोस्टग्रेसची लहान व्हर्जन्स साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, आणि ती लावायलाच हवीत. त्यांच्या नोट्सची सुरुवात जवळजवळ ठरलेली असते: डंप आणि रीस्टोअरची गरज नाही. तेवढं वाचून आपण पुढे जातो. पण काही वेळा त्याच्या पुढचं वाक्य 'मात्र'ने सुरू होतं, आणि सगळं महत्त्वाचं त्या 'मात्र'नंतर असतं. १६ जून २०२२ला आलेलं १४.४ घ्या. व्हर्जन १४ मधल्या एका सुधारणेमुळे, 'कन्करन्टली' हा (चालू काम न थांबवता बांधण्याचा) पर्याय वापरून बांधलेल्या किंवा पुन्हा बांधलेल्या इंडेक्समधून काही ओळी सुटत होत्या. बांधणी चालू असताना ज्या ओळी बदलल्या गेल्या, त्या. १४.४ ने ती सुधारणा मागे घेतली. पण आधी बिघडलेले इंडेक्स १४.४ लावल्याने आपोआप सुधरत नाहीत, ते तुम्हालाच पुन्हा बांधावे लागतात. नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पॅकेज अपडेट करून "झालं" म्हणणाऱ्याच्या सर्व्हरवर तो बिघाड आजही असू शकतो. तुम्ही कधीही १४.० ते १४.३ च्या काळात कन्करन्टली वापरलं असेल, तर आज पीजी-ॲमचेक हीप-ऑल-इंडेक्स्ड हा पर्याय देऊन चालवा.

उलट बाजूही आहे. १४ नोव्हेंबर २०२४ला १७.१ आलं आणि आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर १७.२ आलं. एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्यामुळे आधीच्या व्हर्जनवर कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन्स अडचणीत आली होती, टाइमस्केलडीबी त्यांतलं एक. ज्यांच्याकडे एक्स्टेन्शन नव्हतं त्यांना यातलं फारसं काही जाणवलं नाही. म्हणूनच आपल्या फाइलमध्ये एक्स्टेन्शन्सची यादी हवी. एकच बदल एकाला काहीच नसतो आणि दुसऱ्याचं काम थांबवतो.

व्यवस्थापकांना कसं सांगायचं

हे मला सगळ्यात उशिरा जमलं. "जीलिबसीचं कोलेशन बदललंय" असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि काउंटर बंद ठेवायला नाही म्हणतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला काय बिघडेल ते मी सांगितलेलंच नसतं. आता मी त्यांच्या कामाच्या शब्दांत लिहिते. मागच्या वेळचा माझा निरोप असा होता:

"साहेब, येत्या शनिवारी सर्व्हरची सिस्टीम वाढवायची आहे. या बदलात खाते क्रमांक लावण्याचा क्रम बदलतो. आपण काही केलं नाही तर काही खाती शोधून सापडणार नाहीत आणि एकाच क्रमांकाची दोन खाती उघडली जाऊ शकतात. जून २०२४मध्ये हेच झालं होतं. हे टाळण्यासाठी शनिवारी दुपारी दोननंतर चार तास काउंटर हातपावतीवर हवं. संध्याकाळी लेखापालांसमोर प्रत्येक शाखेची दहा खाती शोधून दाखवते."

उत्तर दहा मिनिटांत आलं: ठीक आहे, शनिवारी दोन वाजता. आधी अशा परवानगीला दोन-दोन आठवडे लागायचे.

पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, आणि तरीही काय वाचावं लागतं

२०२५च्या सुरुवातीला आम्ही १६ वर गेलो, डंप करून परत भरून. खाते क्रमांकाच्या रकान्याला 'सी' कोलेशन दिलं. तिथे तुलना नुसत्या बाइटची होते, आणि लिनक्स कितीही बदललं तरी तो क्रम हलत नाही. क्रमांकाला भाषेच्या नियमांची गरजही नाही. नावांना आहे. सभासदांच्या यादीत काळे हे नाव कासारच्या नंतरच यायला हवं, आमच्या सभासदांना तीच सवय आहे, म्हणून नावांसाठी आयसीयू या क्रमवारीच्या दुसऱ्या लायब्ररीचं मराठी कोलेशन आणि डेटाबेसचं ठरलेलं कोलेशनही आयसीयूचंच. १५ पासून हे डेटाबेसच्या पातळीवर करता येतं. आयसीयूची व्हर्जन्सही बदलतात, पण ती जीलिबसीपासून वेगळी असतात आणि इशारा मिळतो. १७ मध्ये पोस्टग्रेसचं स्वतःचं बिल्ट-इन कोलेशनही आलं आहे, ते बाहेरच्या कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

आता १८ च्या नोट्स आणि माझी फाइल समोरासमोर ठेवून बसले आहे. ते २५ सप्टेंबर २०२५ला आलं. पहिली खूण डेटा चेकसमवर, म्हणजे डेटा बिघडला तर ओळखू येणाऱ्या तपास-आकड्यांवर केली. १८ मध्ये नवीन क्लस्टर बनवताना ते आपोआप चालू होतात, आणि पीजी-अपग्रेडला (डंप न करता नव्या व्हर्जनवर नेणाऱ्या टूलला) जुन्या-नव्या क्लस्टरचं हे सेटिंग एकसारखं लागतं. आमच्या जुन्या क्लस्टरवर ते बंद आहेत. म्हणजे एकतर आधी सर्व्हर थांबवून जुन्यावर चेकसम चालू करायचे, किंवा नव्यावर मुद्दाम बंद करायचे. मी चालू करणार आहे.

दुसरी खूण लाल पेनाने केली. ज्यांचं ठरलेलं कोलेशन जीलिबसीचं नाही, आयसीयू किंवा बिल्ट-इन आहे, त्यांच्याकडे मजकूर-शोध आणि ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शोधणाऱ्या) एक्स्टेन्शनचं वागणं १८ मध्ये बदलू शकतं. पीजी-अपग्रेड केल्यावर असे सगळे इंडेक्स पुन्हा बांधावेत असं नोट्स सांगतात. आयसीयूवर आम्ही सावध राहायचं म्हणून गेलो होतो, आणि नावाच्या अर्धवट शोधासाठी आमच्याकडे तीन ट्रायग्रॅम इंडेक्स आहेत. त्या तिघांची नावं शनिवारच्या कामाच्या यादीत पीजी-अपग्रेडच्या खालच्याच ओळीत लिहिली आहेत. त्यापुढे रीइंडेक्स, आणि त्यापुढे तपासणीसाठी पहिला क्रमांक १-२०५०.